दोन चॅनेल आणि मे महिना

नागपुरात पारा ४५ ला टेकलेला असताना स्वतःच्या हॉलमध्ये गिटारच्या अ‍ॅम्पमधल्या नऊ ट्यूबा, म्हणजे बल्बसारखे तापणारे जुने वॉल्व्ह, पेटवून बसणाऱ्या माणसाकडे लोक कसे पाहतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. त्यात कूलर बंद. कूलरची मोटर सुरू असली की तिची खरखर थेट स्पीकरमधून ऐकू येते. त्यामुळे कूलर की कला, यावर प्रतापनगरातल्या आमच्या घरी मे महिन्यात रोज मतदान होतं आणि कलेची अनामत रक्कम रोज जप्त होते.

अ‍ॅम्प आतेभावाचा. अमेरिकेहून परतताना त्यानं आणला आणि त्याच्या फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणून माझ्याकडे ठेवला. तिकडच्या १२० व्होल्टचा असल्यानं सोबत एक स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर आला, तो आपल्या मर्जीनं गुणगुणत असतो. साठच्या दशकातल्या ‘ब्लॅकफेस’, म्हणजे काळ्या दर्शनी पट्टीच्या, नमुन्याचा हा फेंडर कंपनीचा अ‍ॅम्प, २२ वॅटचा. २२ वॅट ऐकून हसू नका, ट्यूबचे २२ वॅट तीन घरं ओलांडून जातात.

याला दोन चॅनेल. डावीकडचा साधा, उजवीकडच्याला रिव्हर्ब (घुमारा), ट्रेमोलो (थरथर) वगैरे सगळा थाट. आता घरात दोन चॅनेल असताना माणूस एकावर समाधान मानेल का? शिवाय याला परंपरा आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात जेटीएम ४५ नावाचा अ‍ॅम्प तयार झाला, तो फेंडरच्याच बासमन या अ‍ॅम्पच्या सर्किटवरून. त्यालाही दोन चॅनेल, वायर खुपसायला चार जॅक. एका चॅनेलचा आवाज गोलसर, दुसऱ्याचा करकरीत. गिटारवाल्यांनी काय केलं, गिटार एका चॅनेलला लावली, त्याच चॅनेलच्या रिकाम्या जॅकमधून वीतभर वायर काढून दुसऱ्या चॅनेलला जोडली आणि दोन्ही व्हॉल्यूम चवीनुसार मिसळले. याला जंपर करणं म्हणतात. भरदार आवाज, फुकटात.

मीही वीतभर वायर लावली. डावा व्हॉल्यूम चारवर, आवाज उत्तम. उजवा हळूहळू वर घेतला, तर आवाज वाढायच्या ऐवजी वाळायला लागला. खर्ज गायब, उरली किरकिर. दोन्ही चारवर आले तेव्हा गिटार शेजारच्या गल्लीत वाजते आहे असं वाटलं. तेवढ्यात बेल वाजली. वरच्या मजल्यावरचे काका. एरवी ते तक्रार घेऊन येतात. त्या दिवशी म्हणाले, “आज फारच गोड वाजवून राहिला तू. अस्साच रियाज ठेव.”

दाद मिळाली, पण झोप उडाली. शेवटी महाल भागातल्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्या बुवांकडे अ‍ॅम्प रिक्षात घालून नेला. बुवांचं तारुण्य वॉल्व्हच्या रेडिओत गेलेलं. त्यांनी मागची फळी काढली, कपॅसिटर डिस्चार्ज केले आणि डावा हात खिशात घातला. आत चारशेच्या आसपास व्होल्ट असतात, प्लग काढल्यावरही टिकून राहतात. ज्याला म्हातारं व्हायचंय त्यानं एकाच हातानं काम करावं, हा त्यांचा दंडक.

“बिघाड काही नाही जी,” ते म्हणाले. “काऊन तोंड पाडून राहिले? ट्यूबचा एक टप्पा सिग्नल एकदा उलटा करते. या साध्या बाजूनं दोन टप्पे. उलट्याचा उलटा, म्हणजे सरळ. त्या बाजूले रिव्हर्ब मिसळायचा एक टप्पा जास्तीचा. तीनदा उलटला तर सरळ कसा राहीन?”

म्हणजे स्पीकरच्या पडद्याला एक चॅनेल सांगतो बाहेर ये, दुसरा त्याच क्षणी सांगतो आत जा. बंद पडलेल्या स्कूटरला एका भावानं मागून आणि दुसऱ्यानं पुढून ढकलावं, तसं. दोन्ही चॅनेलचे टोन तंतोतंत सारखे नसतात म्हणून थोडीफार किरकिर शिल्लक राहते, एवढंच. मार्शलच्या त्या अ‍ॅम्पमध्ये हा घोळ नाही, कारण तिथे दोन्ही चॅनेल पहिल्याच टप्प्यानंतर एकत्र येतात. उलटले तर दोघे मिळून उलटतात. संसारी माणसानं हे सर्किट फ्रेम करून लावावं.

आतली जोडणी बदलता आली असती. पण अ‍ॅम्प आतेभावाचा, आणि आतेभाऊ वकील. म्हणून बाहेरूनच उपाय केला: गिटारचे दोन वाटे करणारी आणि त्यातला एक वाटा ट्रान्सफॉर्मरमधून उलटा करून देणारी एक छोटी डबी मागवली. तिच्यावर एक खटका आहे, फेजचा, म्हणजे सुलट्याचं उलटं करणारा.

डबी आली, दोन्ही चॅनेल लावले, खटका दाबला. खर्ज असा आला की शोकेसमधले कप नाचले. मी डोळे मिटून एक लांबलचक स्वर ओढला आणि तो विरायच्या आत बेल वाजली.

काकांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग डबीकडे.

“त्या दिवशीचं कोणतं बटन होतं रे,” ते म्हणाले, “तेच दाबून ठेव ना.”