गल्ल्याच नाहीत, तर रुंदीकरणाने काय होणार?

ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या वाहतूककोंडीवर एका लेखात सुचवलेला उपाय रस्ता रुंदीकरणाचा. पण एका बाजूला येऊरचे डोंगर, दुसरीकडे खाडी आणि मधल्या पट्ट्यात भिंती घातलेली संकुलं. बहुतेकांचं गेट शेवटी त्याच हमरस्त्याला लागतं. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे शाळा आहे, तिची घंटा घरात ऐकू येते. मुलं मात्र रिक्षाने हमरस्त्यावरून वळसा घालून जातात. मागचं फाटक उघडायचा विषय काढला की सोसायटीच्या सभेत ‘सिक्युरिटी’चं पालुपद सुरू!

दादर-माटुंग्याची गोष्ट वेगळी. १८९६च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईची वस्ती सुधारण्यासाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही सरकारी संस्था आली, तिने तिथे आधी रस्ते आखले, मग प्लॉट दिले. (ट्रस्ट काही साधुसंत नव्हता, गरिबांची घरंही त्याने भरपूर पाडली.) पण हिंदू कॉलनीत आजही एक गल्ली खोदून ठेवली तर शेजारच्या गल्लीतून निघता येतं, स्टेशन चालत गाठता येतं. कल्याण-शीळ रस्त्याच्या आजूबाजूला मात्र पुन्हा घोडबंदरचाच कित्ता. विकास आराखड्यातले आडवे रस्ते आधी ताब्यात घ्या ना, तोवर नव्या टॉवरना परवानग्या कशाला?