गुळाची की मोहाची?

पावतीवर माझं नाव ‘श्री. भट्टी’ असं पडलेलं आहे. माझं आडनाव भट्टी नाही. आमच्या सात पिढ्यांत कोणी भट्टी नाही. पुण्यातल्या बोहरी आळीतल्या एका दुकानात काल मी एक वाक्य जरा मोठ्याने बोललो आणि तिथेच माझं बारसं उरकलं.

वाक्य असं होतं : “घरच्या घरी छोटी भट्टी लावायची आहे, त्यासाठी रेग्युलेटर दाखवा.” दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. सगळी वळली. चूक माझीच. ‘भट्टी’ हा शब्द एरवी फरसाणवाल्याचा किंवा परटाचा. पण त्याला ‘घरच्या घरी’ आणि ‘लावायची’ जोडलं की तो थेट उत्पादन शुल्क खात्याच्या अखत्यारीत जातो. मधे ‘लोहारकामाची’ म्हणायला हवं होतं. तेवढा एक शब्द गळला.

शेजारी एक काका कुकरची गास्केट हातात घेऊन उभे होते. त्यांनी त्या गास्केटमधूनच माझ्याकडे नीट पाहिलं, आवाज एकदम खाली आणला आणि विचारलं, “गुळाची की मोहाची?”

“लोखंडाची,” मी म्हणालो.

हे पेय काकांना नवीन असावं. ते गप्प झाले, पण मिनिटभरच.

“किती किलोचा देऊ?” मालकांनी विचारलं. “दोनचा की चारचा?”

“दोनचा. घड्याळवाला.”

मालकांनी वर काट्याचं घड्याळ बसवलेला रेग्युलेटर काउंटरवर ठेवला. काकांनी तो उचलला, हातावर तोलला, आणि मला बाजूला घेतल्यासारखं करून म्हणाले, “हा दोन किलो नाही हो. अर्धा किलोसुद्धा भरणार नाही.”

“वजन नाही काका, प्रेशर.”

“मग किलो कशाला म्हणायचं?”

या प्रश्नाला उत्तर नाही. बाजारात दाब किलोतच मोजतात. दर चौरस सेंटिमीटरवर किती किलो, यातला चौरस सेंटिमीटर वेळ वाचवण्यासाठी गिळलेला असतो. मी काकांना समजावलं, की घरच्या शेगडीचा रेग्युलेटर या मापाने जेमतेम ३० ग्रॅम दाब सोडतो. लोखंड तापवणाऱ्या बर्नरला लागतो साधारण १५० ते ७०० ग्रॅम. घरचा रेग्युलेटर लावून भट्टी पेटवली तर दूध उतू जाईल, लोखंड लाल होणार नाही. आणि चार किलोवाला घेतला तर त्याची मूठ केसभर फिरवली तरी काटा उडी मारतो, खालच्या दाबावर ज्योत हातात राहत नाही. म्हणून दोनचा, आणि म्हणून घड्याळवाला.

काकांनी यातलं नेमकं एकच वाक्य घेतलं. “म्हणजे आमच्याकडे तीस ग्रॅम येतो आणि यांना दोन किलो?” ते सगळ्या दुकानाला उद्देशून म्हणाले. “गॅसचे पैसे आम्ही पण भरतो!”

मागून कोणीतरी “बरोबर आहे” म्हणालं. लोकशाहीत हे असं होतं.

मी निघून जायला हवं होतं. पण हा रेग्युलेटर ही माझ्या यादीतली शेवटची वस्तू होती आणि बाकीच्या यादीने आधीच माझा महिना खाल्ला होता. नवशिक्याला घरी लोहारकाम करायचं तर कोळशाची भट्टी स्वस्त पडते, पण धूर आणि राख सोसायटीत चालत नाही, आणि भाता मारायला माणूस मिळत नाही. म्हणून गॅस. ऑनलाइन पाहिलं तर तयार भट्ट्या रांगेने उभ्या, प्रत्येकीखाली ‘१४०० डिग्री’ लिहिलेलं. आणि आत अस्तर काय, तर १२६० डिग्रीला चालणारं सिरॅमिक ब्लँकेट! म्हणजे जाहिरात खरी असेल तर भट्टीचं अस्तरच आधी आकसून चिरायचं. बरं, ब्लँकेट एकच थर, २५ मिलिमीटर, वर काहीही न लावलेलं. त्याचे तंतू कुसळांसारखे हवेत उडतात आणि छातीत जाऊन बसतात. आधी कोलॉयडल सिलिका (पाण्यात मिसळलेली अतिबारीक सिलिका) मारून ते कडक करायचं, वर कास्टेबलचा, म्हणजे आच सोसणाऱ्या सिमेंटचा, पातळ लेप द्यायचा, आणि हे सगळं एन-९५ मास्क लावून करायचं, हे त्या जाहिरातीत कुठेच नाही. ‘बिगिनर्ससाठी उत्तम’ एवढं मात्र आहे. बिगिनरच्या फुफ्फुसांना वाली नाही.

दोन बर्नरवाली पाहून मलाही मोह झाला होता (मोहाची भट्टी ती हीच). पण बर्नर किती, हा प्रश्न नंतरचा. आतली पोकळी किती, हा आधीचा. पाऊण इंची नळीचा एक बर्नर साधारण साडेपाच लिटर पोकळी नीट तापवतो. २५० मिलिमीटर व्यासाचा आणि ३०० लांबीचा डबा घ्या. आत ब्लँकेटचे दोन थर दिले की व्यास उरतो १५० आणि पोकळी भरते ५.३ लिटर. काम फत्ते. आता त्याच डब्यात पैसे वाचवायला एकच थर द्या. व्यास २०० होतो, पोकळी ९.४ लिटर! एक थर वाचवला आणि भट्टी पावणेदोन पट मोठी झाली, बर्नर तोच. मग लोखंड केशरी होतच नाही, माणूस गॅस वाढवत बसतो, आणि शेवटी बर्नरला शिव्या देतो. चाकू, हुक, कोयंडे एवढंच करायचं असेल तर आतला व्यास १०० पुरतो. पोकळी अडीच लिटरच्या आत आणि अर्धा इंची बर्नर. नवशिक्याने हीच घ्यावी असं माझं मत आहे. ते दुकानात मला कोणी विचारलं नाही.

“पण लोखंड तापवायचं कशाला?” काका परत आले.

“ठोकायला.”

“ठोकून?”

“सुरी करायची.”

काकांनी मालकांच्या मागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे सुऱ्या लटकत होत्या. “ऐंशी रुपये,” ते म्हणाले. मग माझ्या पिशवीत डोकावून त्यांनी एकेक वस्तू बाहेर काढायला लावली. काळा पाइप.

“हा गंजेल. जी.आय. घ्यायचा.”

ही एक गोष्ट मात्र मी ठणकावून सांगितली. जी.आय.वर जस्ताचा मुलामा असतो, तापला की त्याची वाफ होते, ती नाकात गेली की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. बर्नरला काळाच पाइप. काकांनी “बरं” म्हटलं, पण ते बरं नव्हतं. मिग वेल्डिंगची टिप निघाली, तिच्या ०.९ मिलिमीटरच्या भोकातून गॅस सुटतो आणि जाताना आजूबाजूची हवा ओढून घेतो, म्हणून पंखा लागत नाही. पंख्यावर चालणारे बर्नरही असतात, कमी दाबावर झकास चालतात. पण वीज गेली की पंखा थांबतो आणि गॅस थांबत नाही. तो आपोआप बंद करणारा व्हॉल्व्ह बसवलेला नसेल, तर आपल्याकडच्या वीज जाणाऱ्या गुरुवारी तो नाद नको. हाय अल्युमिनाची वीट निघाली. ती तळाला, कारण लोखंड सांधताना टाकलेला टाकणखार वितळला की ब्लँकेट साखरेसारखं विरघळवतो. काका प्रत्येक वस्तूची किंमत विचारत होते आणि ओठ हलवत बेरीज करत होते. ते रेल्वेत अकाउंट्सला होते, हे नंतर कळलं. कळायची गरज नव्हती.

“आणि ठोकणार कशावर?”

इथे मी अविचार केला. खरी ऐरण महाग पडते म्हणून बरेच जण रुळाचा तुकडा वापरतात, जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चक्कर मारली तर बघायला मिळेल, असं मी सांगून टाकलं.

“पावती असते त्याला?” काकांचा आवाज एकदम सरकारी झाला. “रेल्वे प्रॉपर्टी अनलॉफुल पझेशन ॲक्ट. एकोणीसशे सहासष्ट. तुकडा सापडला तर तो कुठून आणला हे तुम्ही सांगायचं, रेल्वेने नाही!”

दारूवाला म्हणून माझी सुरुवात झाली होती. दहा मिनिटांत मी रूळचोर झालो. मालक रेग्युलेटर फडक्याने पुसत होते आणि मजा बघत होते. गिऱ्हाईक सोडवावं असं त्यांना एकदाही वाटलं नाही.

“सिलिंडर कुठला?” त्यांनीच आगीत तेल ओतलं.

“एकोणीस किलोचा. निळा.” हे मला पाठ होतं. घरगुती लाल सिलिंडर स्वयंपाकाखेरीज वापरायचा नाही, असा कायदाच आहे. पाच किलोचा छोटाही मिळतो, पण भट्टी चालू झाली की त्यातला द्रव भराभर वाफ होतो, सिलिंडर गारठतो, बाहेरून दव आणि मग बर्फ धरतो, आणि ऐन घाव घालायच्या वेळी दाब पडतो. निव्वळ प्रोपेन उणे ४२ अंशांवर उकळतो, त्याला असली थंडी कमी बाधते. पण आपल्या एलपीजीत ब्युटेनही असतो आणि तो शून्याच्या आसपासच हातपाय गाळतो. सिलिंडर मोठा असला की निभावतं. नाहीतर साध्या पाण्याच्या टबात उभा ठेवायचा. गरम करायला त्याच्याखाली काही पेटवणारे महाभाग असतात, त्यांच्याबद्दल पेपरात छापून येतं.

काकांनी गास्केट तिहेरी वळसा देऊन मनगटात बांगडीसारखी अडकवली. ही त्यांची निर्णायक मुद्रा होती. “राहता कुठे? मजला कितवा?”

“तिसरा. सगळ्यात वर सोसायटीची गच्ची आहे. उघड्यावर करणार.” मी हे विजयी स्वरात सांगितलं, कारण या मुद्द्याचा अभ्यास पक्का होता. एलपीजी हवेपेक्षा जड. गळाला तर खाली साचतो, म्हणून तळघर नको, बंद पार्किंग नको. जळताना कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, म्हणून बंद गॅलरीही नको. जोड साबणाच्या पाण्याने तपासायचे. पेटवताना आधी काडी आतमध्ये, मग गॅस. उलटा क्रम केला तर भुवया जातात. बंद केल्यावर बर्नर नळीचं तोंड झाकायचं, नाहीतर भट्टीतली धग नळीतून वर चढते. सगळं बोललो. मालकांनीसुद्धा मान डोलावली.

काकांनी शांतपणे विचारलं, “गच्चीखाली कोण राहतं?”

मी गप्प.

“आमच्या वर एक बाई राहतात,” काका म्हणाले, आणि दुकानात पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ झाला. “रोज पहाटे साडेपाचला खलबत्त्यात आलं कुटतात. चहाचं. अकरा वर्षं. आधी चार ठोके. मग थांबतात. आपल्याला वाटतं, झालं. मग पाचवा. त्या पाचव्या ठोक्याची मी अकरा वर्षं वाट बघतोय. आल्याचा तुकडा केवढा? बोटाच्या पेराएवढा. तुम्ही लोखंड कुटणार.”

“तांबट आळीत पिढ्यान्‌पिढ्या ठोके पडताहेत,” मी शेवटचा प्रयत्न केला. “तिथे कोणी तक्रार नाही करत.”

“तिथे सगळेच ठोकतात.”

यावर काय बोलणार? दोन महिने मी आगीचा अभ्यास केला होता. दाब, पोकळी, अस्तर, टिप, सगळ्याचा. पण भट्टी हा लोहारकामातला त्यातल्या त्यात गरीब प्राणी, ती नुसती घुमते. बोंब मारते ती ऐरण. स्लॅबवर ठेवलेल्या ऐरणीचा प्रत्येक घाव खालच्या घरातल्या छताला बसणार. लाकडाचा ओंडका, त्याखाली वाळू, रबर, काहीही घातलं तरी तो कमी होतो, जात नाही. हे मला कुठल्याही व्हिडिओत कोणी सांगितलं नव्हतं, कारण ते सगळे अमेरिकेत परसात ठोकत असतात आणि शेजारी अर्ध्या मैलावर असतो. रस्त्याच्या कडेला पाल टाकून बसणाऱ्या घिसाड्यांना कोणी विचारायला गेलं असतं तर त्यांनीही सांगितलं असतं. आम्ही त्यांच्याकडे फक्त विळ्याला धार लावायला जातो, तेही घासाघीस करत.

म्हणजे माझ्याकडे आता भट्टीचं सगळं सामान आहे आणि भट्टीला जागा नाही. हे मला एका गास्केटवाल्याने सांगितलं, आणि ते बरोबर सांगितलं. चुकीचं सांगितलं असतं तर मी कालच विसरलो असतो.

तरीही मी रेग्युलेटर घेतला. न घेता बाहेर पडणं म्हणजे खटला हरून कबुलीजबाबही देणं. मालकांनी पावतीबुक ओढलं. “नाव?”

मी तोंड उघडेपर्यंत काका म्हणाले, “भट्टी.”

मालकांनी लिहिलं. कार्बन नीट ठेवून, दोन प्रतींत.

“अहो, ते माझं नाव नाही.”

“वॉरंटीला पावती लागते, नाव नाही लागत.”

“पण बदलून द्या ना.”

त्यांनी पेनाने पावतीच्या तळाशी टकटक केलं. तिथे छापलेलं होतं : एकदा दिलेला माल बदलून मिळणार नाही.

तेवढ्यात काकांना गास्केट मनगटावरून निघेना. ओढून ओढून ती निघाली तेव्हा लक्षात आलं, की ती तीन लिटरच्या कुकरची आहे आणि त्यांचा कुकर पाचचा. मालकांनी दुसरी काढून दिली. हसत. पावती न मागता.