अध्यक्षसाहेब, गुडघा बघूनच खेळाडू घ्या

अध्यक्षसाहेब, अभिनंदन. फुटबॉल क्लबचं अध्यक्षपद तुमच्याकडं आलं याचा अर्थ मागच्या अध्यक्षांना जर्सीवाल्याची उधारी फेडायची नव्हती, पण ते असो. आमदार चषक पुढच्या महिन्यावर आलाय. गेल्या वर्षी आपली टीम पहिल्याच मॅचला घरी परतली होती. त्यामुळं चहाच्या टपरीपासून मोंढ्यातल्या आडतीपर्यंत जो भेटेल तो एकच विचारायलाय, "अध्यक्ष, औंदा कोण आणायलाव?" कोण खेळणार याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. कोण येणार, ते सांगा.

तुमच्या डोळ्यासमोर आयटीआयला फिटरचा कोर्स करणारं ते पोरगं असणार, मला माहीत आहे. रोज पहाटे एकटंच ग्राऊंडला चकरा मारतं, दोन्ही पायांनी मारतं, आणि स्टडच्या बुटांच्या जोडीपलीकडं काही मागत नाही. त्याला घेऊ नका. दोन्ही पाय शाबूत असलेला खेळाडू घेऊन हरलात, तर लोक तुमच्याकडं बघतील. मोडका खेळाडू घेऊन हरलात, तर लोक त्याच्या गुडघ्याकडं बघतील. "लिगामेंटनं दगा दिला हो, नाहीतर..." या वाक्यातला 'नाहीतर' हीच क्लबची खरी मालमत्ता आहे. आणि चुकूनमाकून जिंकलात, तर पारख तुमचीच. म्हणून असा माणूस हुडका, जो चार-पाच वर्षांपूर्वी जिल्ह्यात गाजला होता, ज्याचं लिगामेंट एका फायनलमध्ये गेलं, आणि ज्याचं वजन तेव्हापासून नावाबरोबर वाढत गेलं.

याला गावठी अक्कल म्हणू नका. स्पेनच्या रियाल माद्रिद क्लबनं 2004 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसलकडून जोनाथन वुडगेट हा बचावपटू घेतला. मोजले 1 कोटी 30 लाख पौंडांहून जास्त. तो आला तेव्हाच दुखापतग्रस्त होता आणि ही गोष्ट काही गुपित नव्हती. पहिली मॅच खेळायला पुढच्या वर्षीचा सप्टेंबर उजाडला. ॲथलेटिक बिल्बाओविरुद्ध उतरला, बॉल आपल्याच जाळीत घातला, आणि दोन पिवळी कार्डं घेऊन बाहेर गेला. एवढं सगळं एका संध्याकाळीत उरकलं. आता अध्यक्षांचं काय झालं ते ऐका, कारण तुम्हाला शिकायचंय ते तिथंच आहे. माद्रिदचे अध्यक्ष फ्लोरेंटिनो पेरेझ 2006 मध्ये पायउतार झाले आणि 2009 मध्ये त्याच खुर्चीवर परत येऊन बसले. पुनरागमन झालं, फक्त ते अध्यक्षांचं झालं.

खेळाडू तपासायचा कसा, हा प्रश्न तुम्ही विचाराल. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात देवणी बैल घेताना तुमचे आजोबा काय करायचे ते आठवा. जबडा उघडून दात बघायचे, खांद्यावरून हात फिरवायचे, शेपटी पिळून चार पावलं चालवायचे, उकिडवं बसून खूर कुठं टेकतोय ते न्याहाळायचे. मग रुमालाखाली हेड्याचा, म्हणजे जनावरांच्या व्यापाऱ्याचा, हात धरून बोटांवर भाव. हेडी शपथा घालायचा, "मालक, कालच काटा मोडलाय, आठ दिवसांत वाऱ्यासारखा पळंल." आजोबा रुमाल झटकून पुढं. त्यांनी लंगडणारं जनावर कधी दावणीला आणलं नाही, म्हणूनच त्यांचा कधी फ्लेक्स लागला नाही.

इटलीच्या एसी मिलाननं 2009 मध्ये हा आजोबांचा खाक्या करून बघितला. पोर्तोच्या अली सिसोकोचा सौदा ठरला होता, पण वैद्यकीय तपासणीत त्याच्या दातांत खोट निघाली. दात! सौदा फिसकटला. सिसोको त्याच उन्हाळ्यात फ्रान्सच्या लियों क्लबला गेला, आणि पुढच्या मोसमात लियोंची टीम चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत पोचली. तेव्हा तपासणीच्या फंदात पडूच नका. एमआरआय काढायचा म्हणजे नांदेड नाहीतर लातूर गाठा, पैसे भरा, आणि वर त्या रिपोर्टात खरं लिहून येतं.

त्यापेक्षा व्हिडिओ मागवा. ओवेन हारग्रीव्ह्ज 2011 मध्ये मँचेस्टर युनायटेडमधून मोकळा झाला, तेव्हा आपण ठणठणीत आहोत हे दाखवायला त्यानं व्यायामाचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकले होते. शेजारच्या मँचेस्टर सिटीनं घेतलं त्याला. लीग कपच्या पहिल्याच मॅचला गोल, आणि पुढं अख्ख्या मोसमात बोटांवर मोजण्याइतक्या मॅचेस. सिटी त्या मोसमात लीग जिंकली, बहुतेक वेळ त्याच्याविनाच. तुमचा माणूसही व्हिडिओ पाठवील. टायरांवरून उड्या, मागं ढोलताशा, स्लो मोशनमध्ये घाम. मोबाइल धरणारा भाचा हुशार असला तर सगळं शूटिंग कमरेच्या वरचं असेल. तुम्ही ते तसंच ग्रुपवर टाका, खाली आगीच्या चार ज्वाळा लावा, आणि गुडघा कुठं आहे असं विचारणाऱ्याला ग्रुपमधून काढा.

आपल्या देशातली उदाहरणंही थोडी नाहीत. 2014 मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि इटलीच्या देल पिएरोनं आपला चाळिसावा वाढदिवस दिल्लीच्या टीममध्ये असताना साजरा केला. मोसमात गोल 1. कोलकात्यानं 2015 मध्ये पोर्तुगालचा हेल्डर पोस्टिगा आणला. पहिल्याच मॅचला 2 गोल मारले, त्याच मॅचला दुखावला, मोसम संपला. पुढच्या वर्षी कोलकात्यानं पुन्हा त्यालाच आणलं, ही श्रद्धा मला फार आवडते. पुण्याच्या टीमनं तर 2016 मध्ये कमाल केली. आइसलंडचा गुडयोनसन हा त्यांचा मोठा चेहरा, बातम्या झाल्या, फोटो झाले, आणि एकही मॅच न खेळता दुखापतीमुळं तो बाहेर. माझ्या मते हा सर्वांत निर्दोष सौदा. न खेळलेल्या खेळाडूला कुणी वाईट म्हणूच शकत नाही. त्याच वर्षी मुंबईकडून उरुग्वेच्या 37 वर्षांच्या फोरलाननं हॅट्ट्रिक ठोकली. असले लोक विनाकारण बाजार बिघडवतात.

खरा बाजार बिघडवला तो स्पेनच्या सांती काझोर्लानं, आणि त्याच्याबद्दल थट्टा करायला जीभ रेटत नाही. आर्सेनलमध्ये असताना घोट्याची शस्त्रक्रिया झाली, जखमेत जंतुसंसर्ग शिरला, टाचेवरच्या शिरेचा कित्येक सेंटिमीटर भाग सडून गेला. बागेत मुलाबरोबर चालता आलं तरी पुष्कळ, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. जखम झाकायला हाताची कातडी काढून घोट्यावर लावली, तीही गोंदलेली. गोंदलेलं काय, तर मुलीचं नाव. मुलीचं नाव इंडिया. 2018 मध्ये व्हिलारियालनं त्याला घेतलं, तेही एका जादूगाराकरवी, धुरानं भरलेल्या काचेच्या नळकांड्यातून प्रकट करून. आणि 2019 मध्ये तो पुन्हा स्पेनच्या संघात! हा एक माणूस उभा राहिला आणि जगातल्या तमाम मामा लोकांना बोलायला विषय मिळाला. मामा म्हणजे एजंट. आपल्याकडं खेळाडूचा सौदा त्याचा मामाच करतो. तुम्ही जरा कां-कूं केली की मामा म्हणणार, "तो काझोर्ला बघा की अध्यक्ष. आमच्या पोराची तर नुसती वादी लचकलीय."

आता एक भीती सांगून ठेवतो. खेळाडू कधीकधी खरंच बरा होतो. मोनाकोचा स्ट्रायकर रादामेल फाल्काओ, त्याचं लिगामेंट 2014 च्या जानेवारीत गेलं. मँचेस्टर युनायटेडनं त्याला उसना घेतला, 4 गोल. मग चेल्सीनं घेतला, 1 गोल. त्यानंतर तो मूळच्या मोनाकोत परतला आणि 2016-17 मध्ये लीगचे 21 गोल मारून मोनाकोला फ्रान्सचं विजेतेपद मिळवून दिलं. म्हणजे दुरुस्तीचा खर्च दोन इंग्लिश क्लबांनी केला आणि गाडी पळाली मोनाकोची. तसं होऊ नये म्हणून तुमच्या माणसाला फिजिओ, व्यायाम, पथ्य, असल्या गोष्टींपासून लांब ठेवा. लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतर मैदानात परतायला साधारण नऊ महिने लागतात, ही माहिती त्याच्यापर्यंत जाऊ देऊ नका. आमदार चषक त्याच्या आतच असतो.

मॅचच्या दिवसाचं तेवढं नीट बसवा. काळ्या मातीचं ग्राऊंड, भेगा एवढ्या की उभं शिनपॅड आत जावं. फक्की मारून झाली की टीम आधी पाठवा, तुमचा माणूस शेवटी, वेगळ्या गाडीनं. त्याला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवा. तो घोट्यापासून मांडीपर्यंत सावकाश क्रेप बँडेज गुंडाळील, दर वेढ्याला हातानं दाबून बघील, वर नी-कॅप चढवील, त्यावर स्प्रे मारील. तोवर पोरं गोल करून उभी राहतात. स्प्रेच्या वासानं अर्धं ग्राऊंड भारावतं. माईकवाला ओरडेल, "ज्याची आपण सर्वजण आतुरतेने वाट पाहत होतो..." आणि तुम्ही शेजारी हाताची घडी घालून उभे. कुणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं: "दुसऱ्या हाफला उतरवू." दोन गोल बसले तरी हेच. शेवटच्या पाच मिनिटांत उतरवा, फ्रीकिक त्यालाच द्या. बॉल गोलच्या वरून, झेडपी शाळेच्या पत्र्यावर. त्यानं मांडी धरून खाली बसायचं, तुम्ही पाणी घेऊन पळायचं. टाळ्या दोघांना. फोटोग्राफरला आधी सांगून ठेवा.

ते दोन गोल कुणी मारले हे विचारू नका. आयटीआयचं पोरगं शेजारच्या तालुक्यानं नेलं, एका स्टडच्या जोडीवर. मनाला लावून घेऊ नका. या भेगांच्या ग्राऊंडवर आणखी तीन-चार वर्षं असंच पळलं की त्याचाही गुडघा जाईल. तेव्हा आणू आपण त्याला, वाजतगाजत.

आठवडाभरानं मामाचा फोन येईल. उचला. तो हिशेबाचं काही काढणार नाही, हरल्याचं तर नाहीच. तब्येतपाणी विचारील, पाऊस कधी यायलाय ते विचारील, आणि मग सांगेल, "अध्यक्ष, पुढच्या वर्षाला थोडा भाव वाढवावा लागंल. पोरगं औंदा खेळलंच नाही की, पाय एकदम नवाकोरा हाय."