‘उन्हात वाळला की गाळ निर्धोक’: एसटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या) गाळाबद्दल शेतकऱ्यांनी काय तपासावे

शेतकऱ्यांच्या गटांमध्ये एक संदेश सारखा फिरतो. त्याचा आशय असा: ‘शहराच्या एसटीपीतला वाळलेला गाळ म्हणजे शेणखतच. घाण असते ती उन्हात मरते. लॅबचा रिपोर्ट पास आहे, अमेरिकेतसुद्धा शेतात टाकतात. मिळेल तेवढा आणून टाका.’ गाळात नत्र, स्फुरद आणि सेंद्रिय कर्ब असतो, एवढे यातले खरे. बाकीचे एकेक करून पाहू.

उन्हात मरतात ते जंतू. कॅडमियम, शिसे, निकेल, क्रोमियम ही मूलद्रव्ये आहेत. ती कुजत नाहीत की उडून जात नाहीत. अहमदाबादेत कोबाल्ट-६० चे गॅमा किरण सोडून गाळ निर्जंतुक करतात. जंतूंसाठी ती पद्धत उत्तम, पण धातू त्यानंतरही जिथल्या तिथे असतात. कंपोस्ट केल्यावर तर उलटच होते. १ टन कोरड्या गाळात ४ ग्रॅम कॅडमियम आहे असे धरा. कुजताना कर्ब वायू होऊन निघून जातो, ढीग बसतो आणि समजा ६०० किलो उरतो. कॅडमियम मात्र ४ ग्रॅमच. किलोमागे ४ मिलिग्रॅम होते ते ६.७ झाले. शहरी कंपोस्टसाठी खत नियंत्रण आदेशातली मर्यादा ५ आहे. म्हणजे ढीग लावताना पास असलेला माल तयार झाल्यावर नापास. म्हणून तपासणी तयार मालाची हवी.

आता ‘रिपोर्ट पास’. इथेच सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून तीन गोष्टी नीट बघा.

पहिली, आकडा ओल्या वजनावर आहे की कोरड्या? सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे गरगर फिरवून पाणी काढणाऱ्या यंत्रातून, निघालेल्या गाळात साधारण २० टक्केच घन भाग असतो. ओल्या वजनावर २ मिलिग्रॅम दिसणारे कॅडमियम कोरड्यावर १० भरते. रिपोर्टवर ‘कोरड्या वजनावर’ असे लिहिलेले नसेल तर तो आकडा धरू नका.

दुसरी, पद्धत. माती परीक्षणात सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी डीटीपीए या सौम्य रसायनाने अर्क काढतात. त्यातून पिकाला आज मिळू शकणारा भागच कळतो. गाळासाठी नमुना अ‍ॅक्वा रेजियासारख्या तीव्र आम्लात विरघळवून एकूण धातू मोजावे लागतात. पाऱ्यासाठी वेगळा नमुना द्या आणि तो भट्टीत वाळवू नका. पारा उडून जातो आणि आकडा खोटाच कमी येतो.

तिसरी, नमुना. ढिगाच्या वरची मूठभर भुकटी म्हणजे नमुना नव्हे. दहा-बारा ठिकाणी फूटभर आत खणून प्लास्टिकच्या किंवा स्टीलच्या खुरप्याने माल घ्या, एकत्र कालवा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, असे करत अर्ध्या किलोवर आणा. जस्ताचा मुलामा दिलेले घमेले वापरले तर रिपोर्टमध्ये घमेल्याचेच जस्त दिसेल.

अमेरिकेचा दाखला अर्धाच दिला जातो. तिथला १९९३ चा नियम, पार्ट ५०३, रसायनांपैकी फक्त नऊ धातूंनाच मर्यादा घालतो. चांगल्या प्रतीच्या गाळात कॅडमियम किलोमागे ३९ मिलिग्रॅमपर्यंत चालते. आपल्या शहरी कंपोस्टच्या ५ शी ताडून पाहा. पीएफएएस नावाच्या फ्लोरिनयुक्त, चिवट रसायनांना त्या नियमात मर्यादाच नाही. नॉनस्टिक आणि डागरोधक मुलामे, क्रोम प्लेटिंगमधले धूररोधक यांतून ती येतात आणि वाळवून किंवा कुजवून मोडत नाहीत. मेन राज्यात पूर्वी गाळ टाकलेल्या शेतांची माती, विहिरी आणि दूध दूषित सापडले, म्हणून २०२२ मध्ये तिथे गाळ शेतात टाकण्यावर बंदीच आली. मिशिगनने दुसरी वाट धरली: गाळ तपासायचा, आकडा जास्त आला तर मागे जात कोणता कारखाना ती रसायने सोडतो ते शोधायचे आणि त्याच्याच दारात कार्बन फिल्टर बसवायला लावायचा. आमच्या मते हीच वाट बरोबर आहे, कारण गाळात एकदा मिसळलेले रसायन पुन्हा वेगळे काढणे परवडत नाही.

‘मिळेल तेवढा’ हा सल्ला सर्वांत घातक. एकरातल्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन साधारण साडेआठ लाख किलो. किलोमागे १५ मिलिग्रॅम कॅडमियमचा कोरडा गाळ दर वर्षी एकरी ४ टन टाकला तर ६० ग्रॅम कॅडमियम जाते. मातीतले कॅडमियम दर वर्षी किलोमागे ०.०७ मिलिग्रॅमने चढते आणि १४ वर्षांत १ मिलिग्रॅमने. युरोपीय निर्देशात मातीची मर्यादाच १ ते ३ आहे. पीक यातले फारच थोडे उचलते, त्यामुळे चढलेला आकडा खाली येत नाही.

त्यातही जमीन कोणती ते बघा. काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीचा सामू ७.५ च्या वर असतो, तिथे कॅडमियम बरेचसे अडकून राहते. कोकणातल्या जांभ्या, आम्लधर्मी जमिनीत ते सुटते आणि पालकासारख्या पालेभाज्यांत सहज चढते. भाताच्या खाचरात पाणी उभे असेपर्यंत ते बांधलेले असते. पोटरी-निसवणीच्या सुमारास खाचर कोरडे पडले की दाण्यात जाते.

‘शेणखतच’ म्हणाल तर नुसत्या घरांच्या मैल्याचा गाळ आणि प्लेटिंग, रंगाई, गॅरेज यांचे पाणी मिसळलेला गाळ यांत फार फरक आहे. औद्योगिक वसाहतीच्या सीईटीपीतला (कारखान्यांच्या सामायिक सांडपाणी केंद्रातला) रासायनिक गाळ तर कायद्याने घातक कचरा आहे; तो शेतात येताच कामा नये. ट्रॉली भरण्याआधी केंद्रावर विचारा: या गटारात कोणते कारखाने पाणी सोडतात, या लॉटचा क्रमांक काय, तयार मालाचा कोरड्या वजनावरचा रिपोर्ट कुठे आहे. मिळालेले कागद गट क्रमांक, तारीख आणि टाकलेल्या टनांसह वहीत लावून ठेवा. पुढच्या वर्षीचा धातूंचा भार त्याच वहीवरून काढायचा आहे.