वसुबारस ते थर्टी फर्स्ट : बूड न हलवता फिट राहण्याची पद्धत

आधी व्यायाम स्थगित करा. बंद नव्हे, स्थगित. वसुबारसेला "आता दिवाळीनंतर बघू" एवढं म्हटलं की पुरे. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न येतं, मागोमाग माणसांची लग्नं, मग हुरडा, मग थर्टी फर्स्ट. एका वाक्यात दोन महिने सहज निघतात.

मग सेलमधलं स्मार्टवॉच घ्या आणि रोजच्या 10,000 पावलांचा संकल्प करा. हा आकडा रूढ झाला तोच 1965 साली जपानमध्ये विकायला आलेल्या ‘मानपो-केई’ नावाच्या यंत्रामुळे. नावाचा अर्थच दहा हजार पावलं मोजणारं. तेव्हा तुम्हीही नुसती खरेदी करून थांबलात तर ते परंपरेला धरूनच होईल. घड्याळ पाय बघत नाही, मनगटाची हालचाल बघतं. त्यामुळे मॉलमध्ये तासभर ट्रॉली ढकललीत तर बरीचशी पावलं बुडतात, कारण मनगट दांड्यावर स्थिर असतं. अशा वेळी ते काढून पँटच्या खिशात टाकलं की मोजणी सुधारते. उलट सोफ्यावर बसून पत्ते पिसलेत तर काही पावलं फुकटात पदरात पडू शकतात. निवड तुमची.

घरकामापासून मात्र जपा. एक किलो बेसन मंद आचेवर 35-40 मिनिटं उभ्याने परतावं लागतं. हात थांबला की तळाला लागतं, लाडू कडवट होतो. खांद्याचा हा व्यायाम आईने किंवा बायकोने करायचा, आपण आतून "वास काय सुटलाय!" म्हणायचं. चकलीचं उकड काढलेलं पीठ गार होऊन घट्ट झालं की सोऱ्या दाबायला जोर लागतो आणि चकली तुटते. नेमकी तेव्हाच तुम्हाला हाक येते. फोन कानाला लावून गॅलरीत निघून जा.

किल्ल्याची माती आणायची वेळ आलीच, तर तंत्र नीट समजून घ्या. भरलेलं घमेलं 15-20 किलोंचं असतं. ते गुडघे वाकवून, अंगाशी धरून उचललं तर भार मांड्यांवर जातो, काही दुखत नाही आणि पुढची खेपही तुम्हालाच करावी लागते. म्हणून पाय ताठ, कमरेतून वाकायचं, हात लांब, आणि एकदम हिसका. कंबर धरली की भाऊबीजेपर्यंत निश्चिंती. अडचण एकच : कंबर धरल्यावर हल्लीचे डॉक्टर "झोपून राहा" म्हणत नाहीत, "झेपेल तेवढं हिंडा-फिरा" म्हणतात. सबब निवडताना हे लक्षात असू द्या.

हिशेबाच्या भानगडीत पडू नका. बेसन आणि साखर ग्रॅममागे साधारण 4 कॅलरी देतात, तूप 9. चाळीस ग्रॅमच्या लाडवात 200 च्या आसपास भरतात. 65 किलोच्या माणसाला त्या जाळायला पाऊण-एक तास भरभर चालावं लागेल. शिवाय ताटात एकच लाडू वाढला तर यजमानांना वाईट वाटतं. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं फिरलं की स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणून हात धुतले की लगेच आडवे व्हा.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे फटाक्यांचा धूर जमिनीलगत साचलेला असतो, तेव्हा बाहेर धावायला खरंच जाऊ नका. हाताशी असलेलं हे एकमेव खरं कारण, ते आठवडाभर पुरवा. कोणी "घरातच 12 सूर्यनमस्कार घाल, पाच मिनिटं तर लागतात" असं म्हणालं, तर फराळाच्या डब्यांकडे बोट दाखवून जागा नसल्याचं सांगा.

आणि एक गोष्ट घरात फुटू देऊ नका. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम हालचाल सांगते, पण सलग दहा मिनिटांची जुनी अट 2020 मध्ये तिने काढून टाकली. म्हणजे शेजाऱ्याकडे फराळाचं ताट द्यायला चढलेले दोन जिनेसुद्धा धरले जातात. हे कळलं तर ताट तुमच्याच हातात येईल.

1 जानेवारीला जिममध्ये वर्षाचे पैसे एकदम भरा. "खंड पडलाय, निम्म्या वजनाने सुरू करा," असं ट्रेनर सांगेल. ऐकू नका, शंभर बैठका मारा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणं ऐन भरात येईल. जिना कठडा धरून, तिरकं होऊन, एकेक पायरी उतरावा लागेल. तळमजल्यावर पोचलात की तिथेच टेका आणि मित्रांना मेसेज टाका : "आता संक्रांतीनंतर बघू."