नाताळचा कचरा फेब्रुवारीपर्यंत टिकवण्याची रीत

इंग्लंडात घर घेतलंत, दारात चाकांचे तीन-चार डबे आले आणि आता पहिला नाताळही आला. घरात कचरा सर्वांत जास्त आणि तो उचलणारे हात सर्वांत कमी, असा योग वर्षातून एकदाच येतो. तो वाया दवडू नका. थोडी मेहनत घेतलीत तर फेब्रुवारी उजाडेपर्यंत तुमच्या डब्याला कोणी हात लावणार नाही.

सुरुवात वेळापत्रकापासून करा, म्हणजे ते न वाचण्यापासून. सुट्टीतल्या बदललेल्या तारखा कौन्सिल, म्हणजे तिथली नगरपालिका, आधीच जाहीर करते. कुठे दारात पत्रक पडतं, कुठे डब्याच्या मुठीला कागदी पट्टी अडकवतात, आणि संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की तुमच्या रस्त्याची तारीख दिसतेच. पत्रकावर लसूण सोला. 2026 चं उदाहरण घ्या. 25 डिसेंबर शुक्रवारी येतो. बॉक्सिंग डे, म्हणजे 26 तारीख, शनिवारी, म्हणून त्याची बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्टी, सोमवारी, 28 तारखेला. मग बऱ्याच ठिकाणी शुक्रवारची फेरी शनिवारी जाते, पुढच्या आठवड्यात सोमवारची मंगळवारी, मंगळवारची बुधवारी, आणि हे सरकणं संपायच्या आत 1 जानेवारी पुन्हा शुक्रवारीच उभी राहते. काही कौन्सिलं उशिरा नेण्याऐवजी एक दिवस आधीच नेतात. काही बॉक्सिंग डेलाही गाड्या काढतात. एवढं सगळं एका चौकोनी तक्त्यात छापलेलं असताना तुम्ही मात्र मनातल्या मनात हिशोब करा.

हिशोब जुळला नाही तर मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारा, ‘उद्या कुठला बिन?’ ग्रुपात स्लाउ, हॅरो, हाउन्सलो, रेडिंग आणि मिल्टन कीन्सची मंडळी आहेत, म्हणजे पाच कौन्सिलं आणि पाच तक्ते. त्यात रंगांचा घोळ वेगळाच: एका गावात निळा डबा कागदाचा, दुसऱ्यात सगळ्या रिसायकलिंगचा, एकीकडे काळ्यात उरलासुरला कचरा, तर शेजारच्या हद्दीत आणखी काही. उत्तरं भराभर येतील आणि प्रत्येक उत्तर देणाऱ्याच्या गावापुरतं अगदी बरोबर असेल. यातून पुढे जायचं असेल तर रात्री दहाला पडदा बाजूला करून शेजाऱ्याने कुठला डबा काढलाय ते पाहा आणि तोच काढा. त्याने पलीकडच्या आजोबांचा पाहून काढला आहे. आजोबांचा आठवडा चुकला आहे. सकाळी अख्ख्या रस्त्यावर एकाच चुकीच्या रंगाचे डबे शिस्तीत उभे दिसतील. ब्रिटिश समाजात मिसळण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

डबा बाहेर काढायची वेळ पत्रकात सकाळी सहा किंवा सात अशी दिलेली असते. तुम्ही नऊला काढा. सुट्टीच्या आठवड्यात फेऱ्यांचा क्रम बदललेला असतो, त्यामुळे एरवी दुपारी येणारी गाडी पहाटेच येऊन जाऊ शकते. ‘आमच्याकडे गाडी नेहमी अकराला येते’ या वाक्याला जानेवारीत काहीही किंमत नसते, म्हणून ते फोनवर ठासून म्हणा.

आता डबा भरण्याकडे वळू. साधारण घराचा डबा 240 लिटरचा असतो, काही ठिकाणी 180 किंवा 140 चा. नियम एवढाच की झाकण पूर्ण मिटलं पाहिजे, कारण गाडीमागची यंत्रं डबा कडेला धरून उचलतात आणि उलटा करतात. झाकण उघडं असेल तर वरची पिशवी रस्त्यावर येते. तुम्ही झाकण अर्धं उघडं ठेवा आणि वर दोन काळ्या पिशव्या रचा. शेजारी जमिनीवर आणखी तीन ठेवा. डब्याबाहेरच्या पिशव्या बहुतेक कौन्सिलं नेतच नाहीत. नाताळनंतरच्या पहिल्या फेरीत जास्तीचं रिसायकलिंग घेण्याची सवलत काही ठिकाणी असते, पण ती पत्रकात लिहिलेली असते आणि पत्रकावर लसणाची सालं आहेत.

झाकण मिटवायचाच हट्ट असेल तर आत पाय देऊन उभे राहा आणि कचरा दाबून घ्या. ओला कचरा तळाशी घट्ट बसला आणि रात्री पारा शून्याखाली गेला की त्याचा गोळा डब्याला चिकटतो. कामगार डबा दोनदा आपटतील, अर्धा माल आतच राहील आणि त्यांच्या हिशोबी डबा रिकामा केलेला असेल. पुठ्ठ्याची खोकी सपाट करू नका. तीन न मोडलेली खोकी डबा भरून टाकतात. उरलेली बाहेर पावसात भिजू द्या. भिजलेला पुठ्ठा जड होतो, त्याचे तंतू लगदा होऊन बसतात आणि वर्गीकरण केंद्रात त्याचा उपयोग उरत नाही. खोक्यातला पांढरा थर्माकोल तसाच राहू द्या, म्हणजे रिसायकलिंगच्या डब्याला ‘अयोग्य वस्तू’ची पट्टी नक्की लागेल.

भेटवस्तूंच्या कागदाला एक परीक्षा असते. मुठीत चुरगळा. चुरगळलेलाच राहिला तर कागद, आणि हात सोडताच फुलून मोकळा झाला तर ते प्लास्टिक किंवा फॉइल, जे रिसायकलिंगला चालत नाही. चकाकीचा भुगा लावलेला कागद परीक्षेत पास झाला तरी नापास. चिकटपट्टी आणि फिती काढायच्या असतात. तुमच्याकडे हे सगळं एकाच काळ्या पिशवीत कोंबून, गाठ मारून, रिसायकलिंगच्या डब्यात टाकण्याचा पर्याय आहेच. बंद पिशवीत काय आहे ते कामगाराला दिसत नाही, म्हणून तो डबा जागीच सोडतो.

स्वयंपाकघरात मात्र मराठी माणसाला मुळातच गती आहे. दिवाळीच्या चकलीचं तेल कुठे गेलं ते आठवा. टर्कीची किंवा मटणाची गरम चरबी त्याच वाटेने सिंकमध्ये ओता. गरम असताना ती पाण्यासारखी वाहते, थंड गटारात पोचली की मेणासारखी बसते, आणि सिंक-संडासात टाकलेले ओले वाइप्स तिला धरून ठेवतात. 2017 मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपलखाली असाच एक गोळा सापडला होता, सुमारे 250 मीटर लांब आणि 130 टन वजनाचा. त्याचा तुकडा पुढे संग्रहालयात ठेवला. तुमच्या चकलीला ती उंची गाठायला वेळ लागेल, पण प्रयत्न सोडू नका. तुंबल्यावर तक्रार कौन्सिलकडेच करा. रस्त्याखालचं गटार पाण्याच्या कंपनीचं असतं आणि तुमच्या हद्दीतला, फक्त तुमच्याच घराचा सांडपाण्याचा पाइप तुमचा, त्यामुळे कौन्सिल शांतपणे ऐकून घेईल. हाडं, सालं, शिळा रस्सा अन्नाच्या छोट्या डब्यात जातात. त्याची मूठ पुढे ओढली की झाकण कुलूपबंद होतं. ती मागेच ठेवा. तुमच्या गल्लीतल्या कोल्ह्यालाही नाताळ आहे.

एका गोष्टीत थट्टा जरा आवरती घेतो. मुलांच्या बोलक्या खेळण्यात, चमकणाऱ्या कार्डात, व्हेपमध्ये, म्हणजे विजेवरच्या सिगारेटमध्ये, बॅटरी असते. गाडीतली कचरा दाबणारी प्लेट लिथियमची बॅटरी चिरडते आणि आत आग लागते. मग चालकाला पेटता कचरा भर रस्त्यावर ओतावा लागतो. वर्षाला 32 किलोपेक्षा जास्त बॅटऱ्या विकणाऱ्या दुकानाने जुन्या परत घेतल्याच पाहिजेत, असा ब्रिटनमध्ये 2010 पासून कायदा आहे, म्हणून सुपरमार्केटच्या दाराशी ती नळकांडी उभी असते. दूध आणायला जाता तिथेच. आता पुन्हा आपल्या कामाला लागू.

झाड. खरं फरचं झाड घेतलं असेल तर बाराव्या रात्रीपर्यंत, म्हणजे 5-6 जानेवारीपर्यंत ते सुया गाळत उभं राहतं. नंतर कौन्सिल ते ठरलेल्या जागी घेते, किंवा बागेच्या कचऱ्याच्या डब्याची वर्गणी भरली असेल तर तुकडे करून त्यात चालतं. ही बागेची फेरी नाताळच्या दोन आठवड्यांत बऱ्याचदा बंदच असते, तेव्हा डबा 26 तारखेलाच बाहेर काढून ठेवा. झाड देताना झिरमिळ्या, दिवे, तळाचा लाकडी क्रॉस आणि त्याचे खिळे, जाळी, सगळं अंगावर राहू द्या. वरून पांढरा बर्फाचा फवारा मारलेला असेल तर उत्तमच. या झाडांचा भुसा करून उद्यानांत पसरतात. लँकेशायरच्या सेंट ॲन्सला ती किनाऱ्यावर रांगेत पुरतात, वाऱ्याने उडणारी वाळू फांद्यांत अडकते आणि वाळूच्या टेकड्या वाढतात. ट्रफाल्गर चौकात ओस्लो शहर 1947 पासून दरवर्षी भेट पाठवतं त्या भल्यामोठ्या स्प्रूसचाही शेवटी भुसाच होतो. तुमच्या झिरमिळ्या मात्र भुशात चमकत राहतील.

एवढी यातायात नको असेल तर झाड रात्री कोपऱ्यावरच्या पदपथावर टेकवून या. याला बेकायदा कचरा टाकणं म्हणतात आणि इंग्लंडात त्याचा जागच्या जागी दंड 1,000 पाउंडांपर्यंत जाऊ शकतो. किंवा फेसबुकवरच्या व्हॅनवाल्याला वीस पाउंड द्या, परवान्याचा नंबर विचारू नका, पावती मागू नका. त्याने तो माल एखाद्या शेतकऱ्याच्या फाटकाशी ओतला आणि त्यात तुमच्या पत्त्याचं पाकीट सापडलं तर तुम्हालाही 600 पाउंडांपर्यंत दंड आहे. पाकिटावर नाव ठळक असू द्या.

टिपवर, म्हणजे कौन्सिलच्या कचरा केंद्रावर, जायचं ठरलं तर आधी बुकिंग लागतं का, पत्त्याचा पुरावा लागतो का, व्हॅनला परवाना लागतो का, हे पाहू नका. 25, 26 डिसेंबर आणि 1 जानेवारीला फाटक बहुधा बंद असतं. 27 ला सकाळी अख्खा तालुका तिथे असतो. मागे गादी बांधून तुम्हीही रांगेत लागा.

कोणाला फोन करायचा, हाही एक विषय आहे. जिथे कौन्सिलांचा दुहेरी कारभार आहे तिथे डबे उचलतं डिस्ट्रिक्ट, टिप आणि रस्ते त्यावरच्या काउंटीचे, आणि गावातली रोषणाई बहुधा पॅरिशची, म्हणजे गावपातळीवरच्या छोट्या कौन्सिलची. मीठ न टाकलेल्या रस्त्याबद्दल डिस्ट्रिक्टला लिहा, डब्याबद्दल पॅरिशच्या बिनपगारी सदस्याला दुकानात गाठा. रस्त्याकडेचा पिवळा मिठाचा पेटारा सार्वजनिक रस्ता-पदपथासाठी असतो, म्हणून त्यातून दोन बादल्या आपल्या ड्राइव्हवेला आणा. मीठ संपलं तर उकळतं पाणी ओता. तासाभरात काळा, काचेसारखा बर्फ तयार होतो आणि पोस्टमन थेट दारापर्यंत घसरत येतो.

24 च्या दुपारनंतर कार्यालय बंद झालं की फक्त तातडीचा नंबर चालू राहतो. तो धोकादायक भिंती, संकटातली मुलं-म्हातारी माणसं आणि त्याच रात्री बेघर झालेल्यांसाठी असतो. कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर झोपणाऱ्यांसाठी जादा खाटा उघडतात, त्याचे फोनही अशाच वेळी वाजतात. तिथे पंचवीस मिनिटं रांगेत थांबून हिरवा डबा नेला नाही, असं सांगणारे लोक दरवर्षी निघतात. तुम्ही एकटे पडणार नाही.

गावाच्या बातमीपत्राचंही असंच. डिसेंबर-जानेवारीचा जोडअंक असतो आणि मजकूर बहुधा नोव्हेंबरातच मागतात. तुमच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाची जाहिरात 20 डिसेंबरला पाठवा आणि छापली नाही म्हणून रुसा. रस्ता बंद करून मेळावा घ्यायचा असेल तर 1847 च्या टाऊन पोलीस क्लॉजेस ॲक्टखाली परवानगी मिळू शकते, त्यासाठी कित्येक आठवडे आधी अर्ज लागतो. दिव्याच्या खांबावर आकाशकंदील टांगायचा असेल तर खांबाची भार-चाचणी मागतील. सभागृह घेतलं असेल तर भाड्याच्या करारातली शेवटची ओळ सोडून द्या. तीत लिहिलेलं असतं की कचरा आपापल्या घरी न्यावा. ऐंशी माणसांच्या तिळगुळाच्या, भाताच्या, रस्सा लागलेल्या कागदी थाळ्या मग सेक्रेटरींच्या गाडीत, आणि तिथून त्यांच्या 180 लिटरच्या डब्यात.

आता तक्रार. डबा उचलला नाही हे कळवायला साधारण एक-दोन कामाचे दिवस असतात, आणि त्यात बँक हॉलिडे धरत नाहीत. तुम्ही दहा दिवस थांबा, मग कौन्सिल टॅक्स कशासाठी भरतो, असं लांबलचक लिहा. शक्यतो जानेवारीत लिहा, कारण दहा हप्त्यांत भरणाऱ्यांचा शेवटचा हप्ता त्याच महिन्यात जातो आणि शब्दांना आपोआप धार येते. रस्ता, तारीख, डब्याचा रंग लिहू नका. बऱ्याच गाड्यांत चालकाशेजारी पडद्याचं यंत्र असतं. ‘डबा बाहेर नव्हता’, ‘झाकण उघडं’, ‘अयोग्य वस्तू’ अशी बटणं दाबून प्रत्येक घराची नोंद होते, आणि काही गाड्यांवर कॅमेराही असतो. त्यामुळे उत्तरासोबत एक छायाचित्र येऊ शकतं: तुमचा डबा, उघडं झाकण, वर थर्माकोल, मागे खिडकीत पडदा बाजूला करून पाहणारे तुम्ही.

डगमगू नका. कौन्सिलच्या तक्रारीची दुसरी पायरी असते, ती चढा. तिथेही नाही म्हटलं तर लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओंबड्समन, म्हणजे कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे लोकपाल, आहेत. ते आधी विचारतात की कौन्सिलकडची दोन्ही उत्तरं आली का आणि असं पुन्हापुन्हा घडलं का. एकदा चुकलेल्या फेरीवर ते सहसा वेळ घालवत नाहीत. तेव्हा पुढच्या फेरीलाही डबा नऊलाच काढा.