सेल्वनचं इंग्रजी मोडकं नाही

सॅम सेल्वनच्या 'द लोनली लंडनर्स'बद्दल एक तक्रार सध्या फिरते आहे: ही कादंबरी अभिजात ठरली ती निव्वळ वांशिक प्रतिनिधित्वाच्या कोट्यातून, इंग्रजी मोडकं, कथानकाचा पत्ता नाही, आणि आशय म्हणाल तर लंडनमधल्या काळ्या स्थलांतरितांचा समाजशास्त्रीय अहवाल.

कोट्याचं आधी उरकून टाकू. कादंबरी 1956ची. ब्रिटनमध्ये वंशभेदाविरुद्धचा पहिला कायदा झाला 1965 साली, आणि पेंग्विनने ती आपल्या 'मॉडर्न क्लासिक्स' मालेत घेतली थेट 2006मध्ये. पन्नास वर्षं ताटकळत ठेवणारा हा कसला कोटा?

मुख्य आक्षेप भाषेवर आहे. सेल्वन त्रिनिदादचा, वडील मूळचे मद्रासकडचे. 1950मध्ये लंडन गाठण्याआधी तो 'त्रिनिदाद गार्डियन'मध्ये पत्रकार होता, म्हणजे प्रमाण इंग्रजी हा त्याच्या पोटापाण्याचाच भाग. पहिल्या कादंबरीत (1952) त्याने रूढ वाट धरली: संवाद बोलीत, निवेदन प्रमाण भाषेत. आपल्या कितीतरी ग्रामीण कथांचीही वाट हीच. माणसं गावची, लेखक मात्र पुण्याच्या भाषेत त्यांच्याकडे बघणारा. 'लोनली लंडनर्स'ही त्याने आधी प्रमाण इंग्रजीत लिहायला घेतली होती. ती पुढे सरकेना, तेव्हा निवेदनच बोलीत आणलं. पहिल्याच वाक्यात 'देअर वॉज'च्या जागी त्रिनिदादी 'इट हॅड' येतं, तेही लंडनच्या धुक्याचं वर्णन करताना. लंडनचं धुकं म्हणजे डिकन्सच्या 'ब्लीक हाउस' कादंबरीचं घरचं सामान. ते हा माणूस बेटावरच्या व्याकरणात सांगतो. आणि ही जशीच्या तशी टिपलेली बोलीही नव्हे. पात्रांपैकी टोलरॉय जमैकाचा, कॅप नायजेरियाचा, तरी सगळ्यांना कवेत घेणारा निवेदकाचा सूर एकच. तो सेल्वनने घडवलेला आहे.

कथानक नाही, हे खरंच. हिवाळ्यात वॉटर्लू स्टेशनावर लंडनमध्ये मुरलेला मोझेस नवख्या गॅलहॅडला उतरवून घ्यायला जातो आणि उन्हाळ्याच्या रात्री थेम्सकाठी एकटा उभा राहतो; मधे किस्से. उन्हाळ्याची सुमारे दहा पानं तर विरामचिन्हांशिवाय एका दमात धावतात. जॉइसने 'युलिसिस'च्या शेवटी हेच केलं की तो प्रयोग, इथे मात्र गबाळेपणा!

राहिला 'अहवाल'. रोजगार कार्यालयातल्या कार्डावर लाल शाईने 'जे–ए, कल.' अशी खूण असते, म्हणजे जमैकाचा आणि काळा, हे मोझेस गॅलहॅडला समजावतो. अहवाल तिथेच संपला असता. पुढे मात्र गॅलहॅड स्वतःच्या हाताकडे बघत काळ्या रंगालाच फैलावर घेतो: हे सगळं तुझ्यामुळे होतंय, तू निळा किंवा हिरवा का नाही झालास? वाचताना हसू येतं आणि पुढच्या ओळीला ते घशात अडकतं.

आक्षेप घ्यायचाच तर बायकांच्या चित्रणावर घ्या. बहुतेक जणी मोझेसच्या टोळक्यातल्या पोरांच्या टवाळ नजरेतूनच दिसतात आणि त्या नजरेला लेखक पुरेसा अडवत नाही. अपवाद टोलरॉयच्या घरातल्या वडीलधाऱ्या टँटीचा. ती किराणा दुकानदाराला दरडावून उधारीची वही सुरू करायला लावते, पैसे शुक्रवारी.